बिरुद ते ब्रीद

गेल्या वर्षी आपल्या संस्थेचे लेटरहेड नव्याने छापायचे ठरले. छापखान्यातून नमुना आला. संस्थेचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक सगळे जागच्या जागी होते. पण नावाखाली एक बारीक रेघ ओढून तिच्यावर छापखान्यातल्या मुलाने पेन्सिलीने लिहिले होते, ‘येथे मोटो’. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले की आपल्याला मोटोच नाही. अर्ध्या तासात सहा सूचना आल्या. चार संस्कृत होत्या, एक ज्ञानेश्वरीतली होती आणि एक कोणीतरी आपल्या मुलाच्या कंपनीच्या कॅलेंडरवरून उचललेली होती. कोणतीच सर्वांना पटेना. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “डॉक्टर, तुम्हाला शब्दांचा नाद आहे. तुम्हीच बघा.” होमिओपॅथीच्या डॉक्टरला वेळ भरपूर असतो असा आपल्याकडे एक समज आहे, तो मी कधी खोडून काढलेला नाही.

वाक्य काही मला सापडले नाही. पण ते शोधताना ‘मोटो’ या शब्दाच्या आणि आपल्या ‘ब्रीद’ या शब्दाच्या मागे लागलो, आणि यंदाच्या व्याख्यानासाठी तेवढा ऐवज जमला. तोच आपल्यापुढे ठेवतो.

‘मोटो’ हा इटालियन शब्द. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्याचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘मुत्तुम’मध्ये आहे, आणि त्याच्यामागे ‘मुत्तिरे’ हे क्रियापद. अर्थ काय, तर पुटपुटणे, तोंडातल्या तोंडात बोलणे. फ्रेंचमधला ‘मो’ म्हणजे शब्द, तोही याच घरातला. आज जे वाक्य दगडात कोरतात, कमानीवर लावतात, त्याचा मूळपुरुष असा ओठांतल्या ओठांत गुणगुणणारा निघाला. इटालियन भाषेत ‘मोटो न करणे’ असा एक वाक्प्रचार आहे. आपण ‘त्याने ब्र काढला नाही’ म्हणतो, तस्साच. (‘ब्र’ आणि ‘ब्रीद’ यांचे नाते मात्र लावायला जाऊ नये. मी गेलो होतो. काही लागत नाही.)

या पुटपुटण्याला मान मिळाला तो इटलीतल्या सरदारांमुळे. फ्रेंच सैन्ये इटलीत उतरली तेव्हा त्यांच्या सरदारांच्या अंगरख्यांवर आणि निशाणांवर चित्रे व त्यांखाली दोन-चार शब्द असत. ते पाहून इटलीतही ती हौस पसरली. पाओलो जोव्हिओ नावाच्या बिशपने या प्रकारावर एक संवादग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १५५५ साली छापला गेला. त्याच्या मते चित्र हे शरीर आणि मोटो हा आत्मा. पुढे त्याने जे नियम घातले ते वाचून मला हसू आले. वाक्य इतके गूढ नसावे की अर्थ सांगायला देवऋषी लागावा, पण इतके सोपेही नसावे की कोणाही येऱ्यागबाळ्याला कळावे. आणि ते शक्यतो धारण करणाराच्या मातृभाषेत नसावे. आमच्या कार्यकारिणीत सहापैकी चार सूचना संस्कृतातून का आल्या, याचे उत्तर मला साडेचारशे वर्षांपूर्वीच्या या बिशपकडे मिळाले.

युरोपातल्या बाकीच्या शब्दांवरून भराभर जातो. फ्रेंच लोक मोटोला ‘दविझ’ म्हणतात. त्याचेच अनेकवचन परकीय चलनासाठीही वापरतात. जर्मन ‘वाल्श्प्रुख’ म्हणजे निवडलेले वचन. ‘स्लोगन’ हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतला असून त्याचा मूळ अर्थ सैन्याची आरोळी. आपला ‘हर हर महादेव’ हा या शेवटच्या जातीचा. एकीकडे पुटपुट आणि दुसरीकडे आरोळी. आणि आज मोटो व स्लोगन हे दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो.

आपण हैदराबादकर, तेव्हा उर्दू-अरबीकडे न पाहता पुढे जाणे बरे नाही. अरबीत मोटोला ‘शिआर’ म्हणतात. या शब्दाचा एक जुना अर्थ मोठा नामी आहे: अंगाला भिडून असलेले वस्त्र, म्हणजे आतला कपडा. वरून घ्यायच्या वस्त्राला वेगळा शब्द आहे. शिआर म्हणजे युद्धात आपली माणसे ओळखण्याची खूणही. उर्दूत तो आणखी आत शिरला आणि त्याचा अर्थ ‘वागण्याची रीत’ असा झाला. ‘वफाशिआर’ म्हणजे निष्ठा हीच ज्याची रीत तो. ‘किफायतशिआरी’ म्हणजे काटकसरीची सवय. आपला ‘किफायतशीर’ इथूनच आला असावा असा माझा तर्क आहे. हिंदीत ‘बाना’ म्हणजे वेश आणि मराठीत ‘बाणा’ म्हणजे स्वभावाचा ताठा. तिथेही कपडाच हळूहळू कातडी झालेला दिसतो.

निजामाच्या पिवळ्या निशाणावर वरच्या बाजूला ‘सर्व मोठेपण ईश्वराचे’ या अर्थाची अरबी अक्षरे होती आणि खाली ‘या उस्मान’. माझे वडील ते निशाण पाहिलेले. ते सांगत की लोकांना अक्षरे वाचता येत नसत, पण मधला पांढरा गोल म्हणजे फकिराने पहिल्या निजामाला दिलेला कुलचा, हे सर्वांना ठाऊक असे. जोव्हिओने म्हटलेले शरीर लोकांनी ओळखले, आत्मा राहिला.

आता घरच्या शब्दाकडे वळू. ‘ब्रीद’ हा ‘बिरुद’ या शब्दाचा मराठमोळा अवतार आहे. बिरुद म्हणजे राजाला किंवा वीराला लावलेली गौरवाची पदवी. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त गद्यपद्यमिश्रित राजस्तुतीलाच ‘विरुद’ असे नाव दिले आहे. आपल्या शेजारच्या भाषांत हा शब्द अजून जसाच्या तसा नांदतो. कानडीत आणि तेलुगूत ‘बिरुदु’ म्हणजे पदवी, तमिळमध्ये ‘विरुदु’ म्हणजे पुरस्कार. माझ्या नातवाला ‘ब्रीद’ शब्द माहीत नव्हता. पण बिरुदु म्हणताच तो उजळला. “एनटीआरला ‘विश्वविख्यात नटसार्वभौम’ म्हणतात, तेच ना आजोबा?” तेच. कृष्णदेवरायाला ‘आंध्रभोज’ म्हणत, त्याच परंपरेतले.

हैदराबादेतून वरंगळला गेलात तर काकतीयांच्या किल्ल्यात फिरताना रुद्रमादेवीचे एक बिरुद आठवा: ‘रायगजकेसरी’. राजे हेच हत्ती, आणि त्यांच्यावर झेपावणारा सिंह. तेराव्या शतकातली ही राणी हे बिरुद पुरुष राजांच्या तोडीने मिरवत होती.

पण मला सर्वांत जवळचे वाटलेले बिरुद शिलाहारांचे. माझे आजोळ तेरच्या परिसरातले. आज हे गाव धाराशिव जिल्ह्यात येते. पूर्वी आपल्याच निजामी मुलखात होते. ग्रीक व्यापाऱ्यांच्या ‘पेरिप्लस’मध्ये ज्याला ‘तगर’ म्हटले आहे ते हेच तेर. उत्तर कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे अधिपती. राज्य ठाण्याला, कोल्हापूरला. आणि बिरुद मात्र शेकडो मैलांवरच्या तेरचे. आपले कुळ तिथून निघाले एवढीच त्यामागची भावना. देवगिरीचे यादव तर थेट द्वारकेपर्यंत जात आणि ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ म्हणवत.

वाचकहो, हे वाचताना मला आपलीच घरे दिसू लागली. सुलतान बाजार, काचीगुडा, इसामिया बाजार या भागांत चार-पाच पिढ्या काढलेली आपली कुटुंबे आडनावाला ‘कर’ लावून ज्या गावाचे नाव सांगतात, त्या गावी आपल्यापैकी कितीजणांनी एक रात्र तरी काढली आहे? ते आडनाव म्हणजे आपले छोटेसे तगरपुरवराधीश्वरच. मी हे टोमणा म्हणून म्हणत नाही. गाव सुटले तरी नाव धरून ठेवणे ही माणसाची फार जुनी रीत आहे, एवढेच.

जैन म्हणून आणखी एक बिरुद सांगण्याचा मोह आवरत नाही. श्रवणबेळगोळचा गोम्मटेश्वर दहाव्या शतकाच्या अखेरीस घडवून घेणारा चावुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. त्या मूर्तीच्या पायाशी आपल्या मराठीतली अतिशय जुनी ओळ कोरलेली आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. या चावुंडरायाची बिरुदे बहुतेक लढायांची आहेत: ‘समरपरशुराम’, ‘वीरमार्तंड’ अशी. त्यांत एक निराळे आहे, ‘सत्ययुधिष्ठिर’. बाकीची बिरुदे एखाद्या दिवशी रणात मिळवता येतात. खरे बोलण्याचे बिरुद मात्र मिळवून संपत नाही. उद्या सकाळी उठून ते पुन्हा राखावे लागते.

बिरुदाचे ब्रीद होते ते नेमके इथे, असे मला वाटते. बिरुद दुसरे लोक देतात आणि ते झालेल्या गोष्टीबद्दल असते. ब्रीद आपण बांधून घेतो आणि ते पुढच्या दिवसांबद्दल असते. मराठीने शब्द नुसता आखूड केला नाही, त्याचा काळ बदलला. जुने वीर पायात ‘ब्रीदाचा तोडर’ घालत. तोडर म्हणजे पायातले कडे. अमुक एक गोष्ट करून दाखवीन अशी ती उघड खूण. बोलीत पाहा: बिरुद ‘लावतात’, ‘मिरवतात’, ब्रीद ‘बांधतात’, ‘राखतात’, ‘ब्रीदाला जागतात’. शेवटचे क्रियापद ऋणाला आणि मिठालाही लागते.

हा बदल कोणी घडवला? माझे उत्तर असे की संतांनी. ‘पतितपावन’ हे विठ्ठलाचे बिरुद. राजाच्या दरबारात भाटाने बिरुद म्हटले की राजा त्याला कडे देतो आणि प्रकरण तिथेच मिटते. पंढरीच्या दारात नामदेव-तुकोबा उभे राहिले ते भाट म्हणून नव्हे. त्यांनी देवाला विचारले, पतितपावन म्हणवतोस ना? मग हा मी पतित समोर उभा आहे, काय करतोस बोल. नाही जमत तर ते ब्रीद उतरवून ठेव. स्तुतीची पदवी त्यांनी वसुलीची हुंडी केली. राजाच्या बिरुदाचा जाब विचारण्याची सोय नव्हती. देवाच्या ब्रीदाचा जाब वारकऱ्याने विचारला. माझ्या वाचनात तरी इतर भाषांतल्या ‘मोटो’ शब्दांना हा अनुभव आलेला दिसत नाही.

पुढे छापखाने आले आणि ब्रीद वर्तमानपत्रांच्या डोक्यावर चढले. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला तो शिरोभागी जगन्नाथ पंडिताचा श्लोक घेऊन. मदांध गजराजा, या रानात क्षणभरही थांबू नकोस, इथे मोठमोठ्या शिळा हत्ती समजून फोडणारा सिंह निजला आहे, असा त्याचा आशय. हत्ती कोण आणि सिंह कोण हे तेव्हाच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. वरंगळचा रायगजकेसरी पुण्यात पुन्हा जागा झाला म्हणा ना! आणि गंमत अशी की हा जगन्नाथ मूळचा आपल्या तेलुगू मुलखातला. ‘पंडितराज’ हे त्याचे बिरुद शहाजहानने दिलेले. १९२० साली डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला तेव्हा शिरोभागी तुकोबांचा अभंग घेतला, आणि १९२७ च्या ‘बहिष्कृत भारता’वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. जोव्हिओच्या नियमाची ही सरळ पायमल्ली होती. वाक्य परक्या भाषेत नको, कोणाही येऱ्यागबाळ्याला कळलेच पाहिजे. ज्यांना त्या पंढरीच्या दारात शिरू दिले जात नव्हते, त्यांच्या पत्राने तुकोबांचे शब्द माथ्यावर घेतले होते. जाब विचारण्याची रीत तीच, फक्त आता तो जाब देवाऐवजी समाजाला होता.

स्वातंत्र्यानंतर तर वाक्यांचा पूरच आला. राजमुद्रेखाली मुंडकोपनिषदातले सत्याच्या विजयाचे वाक्य, सर्वोच्च न्यायालयाला महाभारतातले, आयुर्विमा महामंडळाला गीतेतले योगक्षेमाचे आश्वासन. आपल्या उस्मानिया विद्यापीठाने अंधारातून प्रकाशाकडे नेण्याची प्रार्थना घेतली आहे. यांतली कित्येक वाक्ये मूळ जागी आज्ञा नाहीत, साधी विधाने आहेत. भिंतीवर गेली की ती आज्ञा होतात. आपल्या विवेकवर्धिनी संस्थेची मला म्हणूनच मौज वाटते. १९०७ साली तिने ब्रीद नावातच घालून टाकले. वेगळी रेघ ओढायचे कामच ठेवले नाही.

विधान आणि आज्ञा यांतला हा फरक मला आमच्या जैन प्रतीकामुळे उमगू लागला. १९७४-७५ हे महावीर निर्वाणाचे २५०० वे वर्ष. तेव्हा जैनांच्या सर्व पंथांनी मिळून एक प्रतीक स्वीकारले: लोकाकृती, तिच्यात स्वस्तिक, हाताच्या पंजावर ‘अहिंसा’, आणि खाली उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातले एक छोटे सूत्र. मी तेव्हा शाळकरी होतो. पाठशाळेत आम्ही ते खडूने काढत असू. सूत्राचा अर्थ आम्हाला ‘जगा आणि जगू द्या’ असा सांगितला गेला. पुष्कळ वर्षांनी मूळ ग्रंथ उघडला तर ते पाचव्या अध्यायात निघाले, आणि तिथे कोणताही उपदेश चाललेला नाही. कोणते द्रव्य काय काम करते याची ती यादी आहे. गतीला साहाय्य कोणाचे, स्थितीला कोणाचे, जागा देणारे कोण. आणि त्या ओघात जीव काय करतात, तर एकमेकांना उपकारक होतात. ‘व्हा’ नव्हे, ‘होतात’. पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त मालक आणि नोकराचे उदाहरण दिले आहे: मालक पैसा देऊन उपकार करतो, आणि नोकर हिताचे सांगून व अहितापासून अडवून. आपल्याला अडवणारा हा आपला उपकारकर्ता, हे मला फार उशिरा कळले. कसे, ते सांगतो.

१९८७ साली मी काचीगुड्यात दवाखाना उघडला. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांना मोटोचे महत्त्व चांगले ठाऊक होते. त्यांच्या ‘ऑर्गॅनॉन’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८१० ची. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यांनी मुखपृष्ठावर रोमन कवी होरेसचे दोन शब्द घातले. अर्थ, जाणण्याचे धाडस कर. १७८४ साली कांटनेही तेच दोन शब्द उलट क्रमाने घेऊन त्यांना प्रबोधनाचे ब्रीद म्हटले होते. पण आमच्या पंथाचे मुख्य ब्रीद दुसरे: ‘सिमिलिया सिमिलिबुस क्युरेन्टुर’. समानाने समानाचा उपचार. मी ते पेंटरकडून देवनागरीत भिंतीवर रंगवून घेतले. त्याने ‘क्युरान्टुर’ लिहिले. मला त्यात काही वावगे दिसले नाही. पुष्कळ पुस्तकांतही तसे छापलेले असते.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी एक तरुण पोटदुखी घेऊन आला. मी लक्षणे लिहून घेतली, पुड्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले, मी औषध बदलले. त्याची आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, मोठ्या दवाखान्यात दाखवू का?” मी म्हणालो, उद्यापर्यंत थांबा. ती थांबली नाही. रात्रीच घेऊन गेली. अपेंडिक्स फुटले होते. पोरगा वाचला तो आईमुळे. पुढे ती दवाखान्यात येऊन मला काही बोललीसुद्धा नाही. नमस्कार करून बिलाचे राहिलेले पैसे देऊन गेली. ते पैसे मी का घेतले, हे मला आजही सांगता येत नाही.

त्याच सुमारास मिशनरी शाळेतून निवृत्त झालेल्या एक वृद्ध शिक्षिका गुडघ्यांसाठी येत. त्यांना लॅटिन येत होते. एकदा भिंतीकडे पाहून त्या म्हणाल्या, तुमच्या पाटीत एक अक्षर चुकले आहे. ‘क्युरान्टुर’ म्हणजे ‘बरे होतात’. हे विधान झाले. हानेमान यांनी लिहिले ते ‘क्युरेन्टुर’, म्हणजे ‘उपचार व्हावा’. आणि लॅटिनमधले ते क्रियापद मुळात काळजी घेणे या अर्थाचे आहे. मी घरी जाऊन ताडून पाहिले. वॉशिंग्टनमध्ये १९०० साली उभारलेल्या हानेमान स्मारकावरही ‘क्युरेन्टुर’च आहे.

होतात आणि व्हावेत. तीन-चार वर्षे मी ‘होतात’च्या खाली खुर्ची टाकून बसलो होतो. समानाने समान बरे होतेच, अशी भिंतीची ग्वाही पाठीशी असताना दुसऱ्या दिवशी थांबा म्हणायला माणसाला काय लागते? जैन सूत्राचा मी उलटा प्रवास केला होता. तिथे विधानाची आज्ञा झाली होती, माझ्या भिंतीवर आज्ञेचे विधान झाले होते. पेंटरला बोलावून मी काना खरवडून काढला आणि वर मात्रा दिली. तीस वर्षे औषधाच्या मात्रा मोजणाऱ्याला एवढी लागू पडलेली मात्रा दुसरी आठवत नाही. रंग नीट जुळला नाही. त्या अक्षरामागे भिंतीवर अजून फिकट डाग दिसतो.

तर कार्यकारिणीला मी एवढेच कळवले की संस्कृत, लॅटिन काही नको, आणि आपण काय आहोत हेही लिहायला नको. आपण काय करणार आहोत ते मराठीत, कोणी जाब विचारील अशा बेताने लिहिता येत असेल तर लिहावे. यावर पुन्हा दोन बैठका झाल्या. एक सदस्य म्हणाले, ‘घरात मराठी बोलू’ एवढे लिहिले तरी पुरे. मग सगळेच जरा गप्प झाले, कारण आमच्यापैकी निम्म्यांची नातवंडे आमच्याशी इंग्रजीत बोलतात, आणि माझा नातू त्यांतलाच. कोषाध्यक्षांनी छापखान्याच्या बिलाची आठवण करून दिली.

पाचशे कागद छापून आले आहेत. नावाखाली रेघ आहे, रेघेवर काही नाही. दुसऱ्या खेपेला बघू, असे ठरले आहे.